क्रूझला निघताय? विम्याचा कागद आधी बंदरांच्या यादीशी जुळवा

क्रूझचं बुकिंग करताना टूरवाला शेवटी विचारतो, "इन्शुरन्स टाकू ना?" आपण हो म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. पुढे बोटीच्या ओल्या डेकवर कुणाचा पाय घसरतो, किंवा विमान उशिरा पोचतं आणि बोट निघून गेलेली असते. हातातली पॉलिसी विमानाने जाऊन हॉटेलात राहणाऱ्या माणसासाठी लिहिलेली आहे, हे तेव्हा कळतं.

बोट एकाच वेळी तुमचं हॉटेल असते, वाहन असते आणि गरज पडली तर दवाखानाही. विमा कंपनी मात्र या तिन्हींकडे वेगवेगळ्या कलमांतून बघते. त्यामुळे "क्रूझ कव्हर आहे का?" या प्रश्नाला मिळालेलं "हो" पुरेसं नाही. खाली दिलेल्या क्रमानेच जा. क्रम उलटा झाला की पैसे भरून झाल्यावर चूक सापडते.

## १. आधी वहीचं एक पान

पॉलिसी बघण्याआधी प्रवास कागदावर मांडा. पाच रकाने करा: तारीख, रात्र कुठे, देश, पैसे कुणाला किती दिले, रद्द केल्यास परत किती.

समजा सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ आहे. पानावर अशा ओळी येतील: मुंबई ते सिंगापूर विमान, सिंगापुरात हॉटेलची एक रात्र, दुसऱ्या दिवशी बोटीवर चढणं, मग पेनांग (मलेशिया), फुकेत (थायलंड), एक दिवस समुद्रात, पुन्हा सिंगापूर, परतीचं विमान. चार रात्रींच्या क्रूझमध्ये देश तीन झाले आणि दिवस सात.

या पानावरून तीन गोष्टी ठरतात.

भौगोलिक क्षेत्र. पानावरचा प्रत्येक देश पॉलिसीच्या क्षेत्रात बसला पाहिजे. आशियासाठीच्या कित्येक प्लॅनमधून जपान वगळलेला असतो. कॅरिबियनची क्रूझ मायामीहून निघत असेल, तर अमेरिकेत एकच रात्र असली तरी "अमेरिका-कॅनडासह" हाच प्लॅन लागतो. ग्रीसच्या बेटांवर जाणाऱ्या बोटी बऱ्याचदा तुर्कस्तानातल्या कुशादासीला थांबतात. तुर्कस्तान शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही, त्यामुळे फक्त शेंगेनपुरती पॉलिसी तिथे चालत नाही.

व्हिसा. बोट एखाद्या देशाबाहेर जाऊन परत तिथेच येत असेल, तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही. धक्क्यावरून परत पाठवलं, तर अपुऱ्या कागदपत्रांमुळे झालेलं नुकसान नेहमीच्या पॉलिसी भरून देत नाहीत.

तारखा. मुंबईकरांची इथे ठरलेली चूक होते. परदेशी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १२ तारीख, पहाटे १:३० असतं, पण घरून तुम्ही ११ तारखेच्या रात्रीच निघता. पॉलिसी ११ पासून घ्या. परतीच्या तारखेनंतरही दोन दिवस जास्त धरा, कारण वादळामुळे बोट बंदरात उशिरा लागू शकते.

> तपासा: पासपोर्टवरचं नाव, पॉलिसीवरचं नाव आणि क्रूझच्या तिकिटावरचं नाव अक्षरशः एक आहे ना? लग्नानंतर आडनाव बदललेल्यांनी दोनदा तपासा.

## २. देशातली क्रूझ की परदेशातली

मुंबईच्या बॅलार्ड पियरहून गोवा, कोची किंवा लक्षद्वीपला जाणारी क्रूझ देशांतर्गत असते. तिला ओव्हरसीज ट्रॅव्हल पॉलिसी लागू होत नाही. "घरचा मेडिक्लेम आहे, अजून काय हवं?" असं इथे हमखास म्हटलं जातं. मेडिक्लेम भारतभर चालतो हे खरं. पण तो साधारणपणे किमान २४ तास रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू होतो, आणि "रुग्णालय" म्हणजे काय याची व्याख्या त्याच पॉलिसीत दिलेली असते: नोंदणीकृत आस्थापना, किंवा १० लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान १० खाटा आणि इतरत्र १५, चोवीस तास डॉक्टर व नर्स, सुसज्ज शस्त्रक्रियागृह. बोटीवरचा वैद्यकीय कक्ष या व्याख्येत बसवणं अवघड असतं. तिथे लावलेलं सलाईन, दिलेलं इंजेक्शन, घातलेले टाके यांचा खर्च खिशातूनच जातो.

किनाऱ्यावर उतरवून कोचीत किंवा पणजीत दाखल केलं, तर तिथून पुढे मेडिक्लेम उपयोगी पडतो. मधली वाट, म्हणजे बोटीवरून रुग्णालयापर्यंत नेण्याचा खर्च, त्यात नसतो किंवा रुग्णवाहिकेच्या छोट्या मर्यादेत अडकतो. लक्षद्वीपला जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. तिथल्या गंभीर रुग्णांना कोचीला हलवावं लागतं.

म्हणून देशांतर्गत क्रूझसाठी डोमेस्टिक ट्रॅव्हल पॉलिसी घ्या आणि तिच्यात दोन गोष्टी शोधा: बाह्यरुग्ण उपचार आणि वैद्यकीय स्थलांतर, म्हणजे रुग्णाला रुग्णालयापर्यंत हलवणं. मुंबईहून सुटलेली बोट मध्येच श्रीलंकेला जाऊन येणार असेल, तर ओव्हरसीज पॉलिसी घ्या.

## ३. रकमा: सामानाआधी स्थलांतर बघा

माहितीपत्रक हातात आलं की नजर आधी "सामान हरवल्यास" या ओळीकडे जाते. आमच्या मते ती शेवटी बघायची ओळ आहे. कपडे-चपलांचं नुकसान सोसता येतं. समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च कुटुंबाला सहज पेलत नाही.

बोटीवर काय होतं ते आधी समजून घ्या. वैद्यकीय कक्षात डॉक्टर, नर्स, औषधं आणि बहुतेक मोठ्या बोटींवर ईसीजी, एक्स-रे असतात. तो तात्पुरत्या उपचारांसाठी असतो. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा खुब्याचं हाड मोडणं अशा वेळी रुग्णाला स्थिर करून पुढच्या बंदरात उतरवतात. बंदर लांब असेल तर बोट मार्ग बदलते, आणि किनारा पल्ल्यात असला तरच हेलिकॉप्टर येतं. उतरवल्यावर त्या देशातलं रुग्णालय, सोबतच्या माणसाचा मुक्काम, नंतर कदाचित नर्सबरोबर विमानाने मुंबई. या साखळीतली प्रत्येक कडी पॉलिसीत आहे का, ते बघायचं.

पॉलिसीचं वर्डिंग, म्हणजे माहितीपत्रक नव्हे तर तीस-चाळीस पानांचा मूळ मजकूर, उघडून हे शोधा:

- वैद्यकीय खर्चाची रक्कम. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरो लागतात. ती व्हिसाची अट आहे, तुमची गरज तेवढ्यात भागेलच असं नाही. आशियासाठी १ लाख डॉलर आणि अमेरिका, कॅरिबियन, अलास्कासाठी २.५ लाख डॉलरच्या खाली आम्ही सुचवणार नाही.
- स्थलांतर याच रकमेत आहे की वेगळं? एकाच रकमेत असेल तर मोठा आकडा घ्या.
- "जहाजावर" झालेला उपचार मान्य आहे का? काही पॉलिसींत फक्त किनाऱ्यावरच्या रुग्णालयाची भाषा असते. शंका असेल तर विमा कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. एजंटचं व्हॉट्सॲपवरचं "हो हो, चालतं" उपयोगाचं नाही.
- वजावट. बहुतेक पॉलिसींत प्रत्येक क्लेममागे पहिले ५० किंवा १०० डॉलर तुमचे असतात. बोट लागली म्हणून घेतलेल्या इंजेक्शनचं बिल बऱ्याचदा वजावटीतच संपतं.
- उपमर्यादा. साठीच्या पुढच्या प्रवाशांच्या पॉलिसीत खोलीभाडं, आयसीयू, सर्जनची फी यांवर वेगवेगळी कमाल रक्कम असते. वर १ लाख डॉलर लिहिलेलं असतं, पण दर दिवसाला मिळणारी रक्कम फारच थोडी असते. आई-बाबांसाठी थोडा जास्त प्रीमियम भरून उपमर्यादा नसलेला प्लॅन घ्या.

> सावधान: घरचा मेडिक्लेम परदेशात चालत नाही, त्यात तसं वेगळं कलम घेतलेलं नसेल तर. क्रेडिट कार्डावर मिळणारा विमा बऱ्याचदा विमान अपघात आणि सामानापुरताच असतो.

## ४. पॉलिसी कधी घ्यायची

क्रूझचे पैसे भरलेत त्याच आठवड्यात. बहुतेक जण व्हिसा आला की किंवा निघायच्या आदल्या दिवशी घेतात. वैद्यकीय संरक्षणाला त्याने फरक पडत नाही, पण सहल रद्द झाल्यास मिळणारं संरक्षण पॉलिसी घेतल्यावर घडलेल्या कारणांनाच लागू होतं. सासऱ्यांना आधीच दाखल केलं असेल, तर नंतर घेतलेल्या पॉलिसीवर तोच आजार दाखवून क्लेम होत नाही.

क्रूझ कंपन्या रद्द करण्याचे पैसे टप्प्याटप्प्याने वाढवतात. बोट सुटायची तारीख जवळ येईल तसा परतावा घटतो आणि शेवटच्या टप्प्यात भाड्यातलं काहीच परत मिळत नाही. एक हिशेब मांडून बघू.

चौघांच्या कुटुंबाने ३,२०,००० रुपये भरले. त्यात बंदर शुल्क आणि कर ४०,०००. ते सहसा परत मिळतात. उरलेले २,८०,००० शेवटच्या टप्प्यात पूर्ण बुडाले. पॉलिसीत रद्द होण्याची मर्यादा माणशी ५०० डॉलर. हिशेबासाठी डॉलर ९० रुपये धरला, तर माणशी ४५,००० आणि चौघांचे १,८०,०००. म्हणजे क्लेम पूर्ण मंजूर झाला तरी १,००,००० रुपये घरचे गेले, आणि विमानाचं तिकीट यात धरलेलंच नाही. मर्यादा निवडताना वहीच्या शेवटच्या दोन रकान्यांवरून परत न मिळणाऱ्या पैशांची बेरीज करून समोर ठेवा.

कारणंही मोजकीच असतात: स्वतःचा किंवा जवळच्या नातेवाइकाचा गंभीर आजार, मृत्यू आणि पॉलिसीत नमूद केलेल्या अशाच काही घटना. ऑफिसने रजा नाकारली, मुलांची परीक्षा पुढे गेली, मन बदललं, यांना पैसे नाहीत. व्हिसा नाकारला गेला तर भरपाई देणारं कलम वेगळं असतं. हवं असेल तर ते नावानिशी शोधा.

मित्रमंडळी मिळून जाणार असाल तर "सहप्रवासी" आणि "जवळचा नातेवाईक" या दोन व्याख्या वाचा. केबिनमधल्या मित्राला डेंग्यू झाला आणि तुम्ही दोघांचं बुकिंग रद्द केलंत, तर तुमचे पैसे मिळतील की नाही, ते या दोन ओळींवर ठरतं.

> सावधान: ओव्हरसीज पॉलिसी भारतातून निघण्याआधी घ्यावी लागते. बोटीवर पोचल्यावर आठवण झाली तर उशीर झालेला असतो.

## ५. फक्त क्रूझसाठी असलेली कलमं

साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत ही बहुतेक वेळा नसतात. काही कंपन्या ती जोड म्हणून देतात.

बोट चुकणं. विमानाला उशीर झाला आणि बोट सुटली, तर पुढच्या बंदरापर्यंत जाऊन बोट गाठण्याचा खर्च. इथे अटी बघा: विमानाला किमान किती तासांचा उशीर हवा, आणि विमान उतरण्याची वेळ व बोट सुटण्याची वेळ यांत तुम्ही किती अंतर ठेवलं होतं. त्याच दिवशी पोचणारं विमान घेऊच नका. आदल्या दिवशी पोचा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबईच्या पावसात विमानांचं वेळापत्रक कोलमडतं, तेव्हा तर नक्कीच. ट्रॅफिकमुळे बॅलार्ड पियरला उशिरा पोचलो, हे कारण सहसा मान्य होत नाही.

बंदर वगळलं जाणं. खराब हवामानात कप्तान एखादं बंदर गाळू शकतो. तिकिटाच्या करारात त्याला तो अधिकार असतो. क्रूझ कंपनी बहुधा त्या बंदराचं शुल्क तेवढं परत करते. तुम्ही बाहेरून बुक केलेली तिथली टॅक्सी किंवा फेरी बुडते. हे कलम असेल तर ठरावीक रक्कम मिळते.

केबिनमध्ये अलग ठेवणं. उलट्या-जुलाबांची साथ बोटीवर झपाट्याने पसरते, म्हणून डॉक्टर आजारी प्रवाशाला केबिनबाहेर येऊ देत नाहीत. या कलमात दिवसाला ठरलेली रक्कम मिळते, डॉक्टरांचा लेखी आदेश असेल तर.

सहल मध्येच तुटणं. आजारपणामुळे बोट सोडावी लागली, तर उरलेल्या दिवसांचं भाडं आणि परतीचं तिकीट.

आता एक शब्द जवळून बघा: "कॉमन कॅरियर". विलंब, सामान, अपघात ही कलमं याच शब्दावर टेकलेली असतात. व्याख्येत "विमान" एवढंच असेल तर बोट बाहेर. "हवाई, जल किंवा भूमार्गाने प्रवासी वाहून नेणारं परवानाधारक वाहन" असं असेल तर बोट आत यायला जागा आहे, पण पुढची ओळही वाचा. काही ठिकाणी क्रूझ लगेच वगळलेली असते.

सामानाच्या कलमात "चेक्ड-इन" हा शब्द तसाच. केबिनमध्ये तुमच्या ताब्यात आलेली बॅग चेक्ड-इन राहत नाही. पूलजवळच्या खुर्चीवर ठेवलेला मोबाइल गेला, तर "लक्ष न देता सोडलेली वस्तू" म्हणून नकार येतो.

## ६. कशाला पैसे नाहीत

- आधीपासूनचे आजार. रक्तदाब, मधुमेह, स्टेंट, दमा सगळं जाहीर करा. लपवलं तर असंबंधित क्लेमवरही प्रश्न उभे राहतात. जाहीर केल्यावरही पुष्कळ पॉलिसी फक्त जिवावर बेतलेल्या प्रसंगात आणि मर्यादित रकमेपर्यंत पैसे देतात. तो आकडा शोधा.
- दारू. बोटीवरच्या अपघातात डॉक्टरांच्या अहवालात नशेचा उल्लेख आला, तर क्लेम जवळजवळ संपतो. ड्रिंक्स पॅकेज घेणाऱ्यांनी जिन्यावर आणि ओल्या डेकवर जपावं.
- साहसी खेळ. स्कूबा, जेट-स्की, पॅरासेलिंग, झिपलाइन. वेगळी जोड घेतली नसेल तर बाहेर.
- गरोदरपण. बऱ्याच क्रूझ कंपन्या २४ व्या आठवड्यापासून बोटीवर घेत नाहीत. आठवडे प्रवासाच्या शेवटच्या दिवशी मोजले जातात, निघायच्या दिवशी नव्हे.
- बंदरावर वेळेत न परतणं. स्वतःहून शहर बघायला गेलात आणि बोट सुटली, तर तो तुमचा निष्काळजीपणा ठरतो. दूरचं ठिकाण बघायचं असेल तर बोटीच्याच सहलीतून जा.

## ७. निघायच्या आदल्या रात्री

टर्मिनलवर मोठी बॅग घेतली जाते ती केबिनच्या दाराशी संध्याकाळीच येते. पासपोर्ट, पॉलिसी, रोजची औषधं आणि एक कपड्यांचा जोड खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. औषधं प्रवासाच्या दिवसांपेक्षा पाच दिवस जास्त, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

पॉलिसी, ॲसिस्टन्स कंपनीचा (विमा कंपनीच्या वतीने प्रवासात मदत करणाऱ्या कंपनीचा) नंबर आणि ईमेल फोनमध्ये ऑफलाइन सेव्ह करा आणि कागदावरही घ्या. टोल-फ्री नंबर परदेशातून लागेलच असं नाही, त्यामुळे +९१ ने सुरू होणारा नंबरही हवा. बोट किनारा सोडताच फोन एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रातलं उपग्रह रोमिंग साध्या पॅकमध्ये नसतं आणि त्याचं बिल मोठं येतं. घरी राहणाऱ्या एका माणसाला पॉलिसीची प्रत द्या. तो मुंबईतून फोन करू शकतो.

चढताना भरायच्या आरोग्यपत्रकात ताप-उलटी असेल तर खरं लिहा. बोटीवर घेतलं नाही, तर नकाराचं कारण तिथेच लेखी मागा.

## ८. काही घडलंच, तर हा क्रम

1. केबिनमधल्या फोनवरून वैद्यकीय कक्षाला कळवा. जीव आधी, विमा नंतर.
2. पहिला धोका टळला की ॲसिस्टन्स कंपनीला कळवा. दाखल केल्यास साधारण २४ तासांत कळवण्याची अट असते. बोटीच्या रिसेप्शनवरून फोन करता येतो. केस नंबर लिहून घ्या.
3. स्थलांतर करायचं असेल तर त्यांच्या मंजुरीशिवाय स्वतः हेलिकॉप्टर किंवा एअर ॲम्ब्युलन्स ठरवू नका. स्थलांतराचे क्लेम याच एका कारणाने अडकतात. बोटीच्या डॉक्टरांचा आणि ॲसिस्टन्सच्या डॉक्टरांचा थेट संपर्क करून द्या.
4. बोटीवरचं बिल बहुधा कॅशलेस नसतं. ते तुमच्या खात्यात चढतं आणि शेवटी कार्डावरून वसूल होतं. कार्डाची मर्यादा निघण्याआधी वाढवून ठेवा.
5. उतरण्याआधी कागद घ्या: निदानासह वैद्यकीय अहवाल, तपशीलवार बिल, पैसे भरल्याची पावती, लागू असेल तर केबिनमध्ये ठेवल्याचा आदेश किंवा बंदर वगळल्याचं पत्र. मुंबईत आल्यावर हे मागवायचं तर ईमेलमागे ईमेल करत बसावं लागतं.

विमानात बॅग आली नाही, तर विमानतळ सोडण्याआधी एअरलाइनच्या काउंटरवरून पीआयआर, म्हणजे सामान न मिळाल्याची नोंद, घ्या. त्यांना हॉटेलचा पत्ता देऊन भागत नाही. बोटीचं नाव आणि पुढच्या प्रत्येक बंदराची तारीख द्या, म्हणजे बॅग तुमच्या मागे बंदरावर पोचवता येते. बंदरावर चोरी झाली तर स्थानिक पोलिसांचा अहवाल आणि बोटीवर झाली तर बोटीच्या सुरक्षा विभागाचा अहवाल घ्या.

## ९. घरी आल्यावर

क्लेम फॉर्म, पॉलिसी, पासपोर्टची पहिली पानं आणि शिक्क्यांची पानं, तिकिटं, बोर्डिंग पास, वरचे सगळे कागद, रद्द केलेला चेक. शिक्का न मारणाऱ्या देशांसाठी बोर्डिंग पास हाच पुरावा, म्हणून ते फेकू नका. कागद देण्याची मुदत पॉलिसीत लिहिलेली असते, बऱ्याचदा ३० दिवस. एखादा कागद यायचा असेल तर त्यासाठी थांबू नका. आहेत ते पाठवा आणि उरलेला "नंतर पाठवतो" असं लिहा. क्रूझ कंपनीकडून परत मिळालेली रक्कमही फॉर्ममध्ये दाखवा. ती लपवली तर पूर्ण क्लेम संशयात येतो.

## १०. नकार आला तर

नकार लेखी आणि कलमाच्या क्रमांकासह मागा. मग विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला त्याच कलमावर उत्तर लिहा. तिथे भागलं नाही तर इर्डा या विमा नियामक संस्थेच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

पुढची पायरी विमा लोकपाल. कंपनीने तक्रार फेटाळली, किंवा महिनाभर उत्तर दिलं नाही, तर तिथे जाता येतं. मुदत नकारापासून एक वर्ष, रक्कम ५० लाखांपर्यंत, फी नाही, वकील लागत नाही. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर जीवन सेवा ॲनेक्समध्ये आहे. ठाणे आणि नवी मुंबईकरांनी आपला पत्ता कोणत्या कार्यालयाच्या हद्दीत येतो ते आधी पाहावं. अर्जासोबत नकाराचं पत्र, पॉलिसीचं पूर्ण वर्डिंग आणि खरेदीच्या वेळी "जहाजावरचा उपचार मान्य आहे" असं सांगणारा तो ईमेल जोडा.